निळ्या फुलांची राखण

"डोंगरबकऱ्यांना लघवीतल्या मिठाची चटक असते. झाडांत बसलीस, तर मिठासाठी झाडं मुळासकट उकरतील. खडकावरच जायचं!" कोलोरॅडोचा तो डोंगर चढेपर्यंत वेंडेलचं हे प्रवचन ऐकून मार्लिसचे कान किटले.

माथ्यावर निळ्या कोलंबाईन फुलांचा ताटवा सापडला, पण ऊन उतरलं होतं. फोटो सकाळी काढायचे ठरले. वेंडेलने ताटव्याभोवती दोरी बांधली, शेजारीच तंबू ठोकला आणि बायकोला बजावलं, "तू जरा लांबूनच चाल. तुझे पाय म्हणजे नांगर!"

सकाळी दोरी जागच्या जागी होती. आत मात्र उकरलेली माती आणि खुरांचे ठसे. फूल औषधालाही उरलं नव्हतं.

"कुठल्या तरी नालायकाने इथे मुतून ठेवलंय!" वेंडेलने खड्ड्याचा फोटो काढला आणि फोनवर तावातावाने लिहायला घेतलं. "या पर्यटकांची अब्रूच काढतो आता!"

"काढ की," मार्लिस कॉफी ओतत म्हणाली. "आणि हेही लिही, की रात्री तो पर्यटक खडकापर्यंत न जाता लगेच तंबूत परतला आणि त्याने आपले गारठलेले पाय माझ्या पाठीला लावले."