पोटातला ठोकळा

बाकावर दोन गिटारी, बारा तारा, एक अ‍ॅम्प्लिफायर, एक मोजपट्टी. चार वाजता सांगलीचा गिटारवादक येणार होता.

मिरजेत जन्मभर तंबोरे करणाऱ्या अब्बांनी त्याची इलेक्ट्रिक गिटारही तशीच, आतून पूर्ण पोकळ घडवली होती. मंचावर तो स्पीकरपासून पाच फुटांवर उभा राहिला आणि स्पीकरच्या आवाजानं पोकळ पोट थरथरून गिटार आपोआप बोंबलू लागली. म्हणून लेक शाहीननं दुसरी केली, पोटात मधोमध लाकडी ठोकळा बसवून. हीही बोंबलली, तर तो कारखान्यातली घेणार होता.

अब्बांनी दोन्हींच्या पाठीवर टिचक्या मारल्या. पहिली ‘डुंम’ म्हणाली, दुसरी ‘टक्’.

“अगं, जेवून सुस्तावलीय ही! गाणार काय?”

“कमी गाईल, अब्बा. पण सूर जास्त टिकेल. ऐका.” तिनं तार छेडली.

सूर विरेपर्यंत अब्बा मान तिरकी करून ऐकत राहिले. “आण इकडे. मीच धरतो.”

पहिली गिटार घेऊन ते अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरकडे सरकले. ती सात फुटांवर बोंबलली. मग दुसरी घेतली. सहा फूट. पाच. चार. गप्प. अखेर तीही बोंबलली, तेव्हा शाहीननं मोजपट्टी ताणली.

दोन फूट तीन इंच.