चालत्या पोराला जागा नाही

"आज तरी टाकलं का पाऊल?" अक्काताईनं उंबऱ्याबाहेरूनच विचारलं.

"न्हाय गं," शेवंताबाई म्हणाली. "दिवसभर पाळण्यातच बसून हुती बघ."

अक्काताईची मनू पाळण्यात होती, यात काही खोटं नव्हतं. वखारीचा भोंगा झाला तसं शेवंताबाईनंच तिला उचलून आत टाकलं होतं. त्याआधी दुपारभर ती चुलीपासून मोरीपर्यंत चालत होती. मोरीतला रिकामा तांब्या उचलून पुन्हा चुलीपाशी आणून ठेवत होती.

"असू दे मावशी. चालंल की सावकाश." अक्काताईनं पोरीला काखेला मारलं आणि ती लगबगीनं निघालीसुद्धा. तंबाखूच्या धुरळ्यानं तिचे डोळे लाल झाले होते. शेवंताबाईला वाटलं, बाई रडू दाबतेय.

निपाणीत हमरस्त्याला लागून शेवंताबाईचं दोन खोल्यांचं घर. तंबाखूच्या वखारीत कामाला जाणाऱ्या बायका सकाळी पोरं तिच्याकडं ठेवून जायच्या. शेंबडं पोर चालायचं, रडकं चालायचं, दात येताना चावणारंही चालायचं. फक्त चालणारं चालायचं नाही.

त्याला कारण होतं. मागं कृष्णात नावाचं एक पोर डुलत डुलत दाराबाहेर गेलं आणि ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक मारला. पोराला काही झालं नाही. शेवंताबाईचे गुडघे मात्र त्या दिवशी रस्त्यावर जे आपटले, ते कायमचे दुखू लागले. तेव्हापासून प्रत्येक आईला ती पहिल्याच दिवशी सांगायची, पोरानं पाऊल टाकलं की ते तुमचं तुमच्याकडं. मग पोराला घरात कोंडा, नाहीतर वखारीचं काम सोडा. गेल्या साली सोनुबाईनं पाय धरले तरी ती बधली नाही. बायका तिला मागनं खडूस म्हणत आणि पोर मात्र तिच्याकडंच ठेवत.

अशा बाईनं मनूसाठी दाराला आडवी फळी ठोकून घेतली होती.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा गुंडू उद्यमबागेत कारखान्यात होता, पिरनवाडीला त्याचं बिऱ्हाड. दिवाळीला यायचा आणि चहा होईपर्यंत एसटीची वेळ विचारायचा. संध्याकाळी पोरं गेली की घर असं गप्प व्हायचं की शेवंताबाई उगाच भांडी वाजवत बसायची. पूर्वी ती स्वतःशी बोलायची, आताशा तेही सुचत नव्हतं. आणि ही मनू दिवसभर तिच्या पदराचं टोक धरून मागं मागं फिरायची. पदर सुटला तर भोकाड पसरायची. शेवंताबाईवाचून कुणाचं अडावं, अशी गोष्ट त्या घरात फार दिवसांत घडली नव्हती.

एवढा दसरा जाऊ दे, मग सांगू, असं तिनं ठरवलं. दसरा गेला.

एके दिवशी सकाळी अक्काताईनं रोजच्यासारखी मनूला थेट तिच्या मांडीवर दिली आणि खाली बघतच म्हणाली, "सासूबाई म्हणत्यात, पोरीचं पाय लुळं हायती. यल्लमाला नवस बोल म्हणून मागं लागल्यात."

शेवंताबाईनं मनूला घट्ट धरलं. "मग? तू काय म्हणालीस?"

"म्या म्हणलं, मावशीच्या हाताला गुण हाय. पायात बळ येईपातूर ऱ्हाऊ दे तिच्याकडंच."

"व्हय गं बाई," शेवंताबाई म्हणाली.

त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. आईशी खोटं बोललो ते बोललो, आता देवीपर्यंत पोचलं. धडधाकट पोरीला लुळी म्हणायला लागले, उद्या गावभर होईल, आणि गावाचं तोंड कोण धरणार? मनू तिच्यासमोर तांब्या घेऊन ऐटीत चालत होती. शेवंताबाईला स्वतःची लाज वाटली. चार घटका सोबतीसाठी आपण एका आईचा जीव टांगून ठेवला, असं तिचं मन तिला खाऊ लागलं.

सांगून टाकायचं, तिनं ठरवलं. सांगितलं की मनू जाणार, हे तिला माहीत होतं. फळी काढावी लागणार, पदर मोकळा राहणार. ते तिनं मनात दहादा घोळवलं, दहादा रडली आणि शेवटी डोळे पुसून बसली.

रविवारी वखार बंद. शेवंताबाईनं धुवट लुगडं नेसलं, शेंगदाण्याचे लाडू फडक्यात बांधले आणि अक्काताईच्या गल्लीकडं निघाली. गुडघे कुरकुरत होते. काय बोलायचं ते ती वाटभर पुटपुटत होती. "अक्काताई, पोरगी चालतीया. म्याच लपवलं. तुझ्या सासूला सांग, नवस बिवस काय नगं. आणि मला काय बोलायचं ते बोल."

गल्लीच्या तोंडाशी ती दम खायला थांबली. पुढं चार घरांवर अंगणात कुणाची तरी पोरगी कोंबडीच्या मागं पळत होती. कोंबडी वळली, पोरगीही सफाईनं वळली. ती मनू होती. ओट्यावर सासूबाई निवांत तांदूळ निवडत बसल्या होत्या, आणि अक्काताई हसत टाळ्या वाजवत होती.

मग अक्काताईची नजर गल्लीच्या तोंडाकडं गेली. तिचं हसू जागच्या जागी जिरलं. ती धावली, पोरीला उचलून काखेला मारलं, तिचे धुळीनं माखलेले पाय पदराखाली घेतले आणि शेवंताबाईपुढं येऊन उभी राहिली.

"या की मावशी," ती धापा टाकत म्हणाली. "बघा की, अजून पायच टेकत न्हाय पोरगी."