कुलपांची गोणी

हे कुठं लिहायचंच नाही, असं नियाजनं ठरवलं होतं. लिहायला बसलं की चूक कुणाची तेही लिहावं लागतं. शेवटी राहवलं नाही, तेव्हा त्यानं त्या सकाळपासून सुरुवात केली.

साडेनऊ झाले होते. अकराला तपासणीची जीप येणार होती, आणि अजून सतरा घरांची कुलपं निघायची बाकी होती.

करंजफाटा हे पाथर्डीकडचं गाव. दहा वर्षांपूर्वी इथं चहाची एक टपरी होती. आता दोन पेट्रोल पंप, चार मंगल कार्यालयं आणि नळाला सहा दिवसांनी पाणी. दवाखाना मात्र नाही. म्हणून ग्रामपंचायतीनं सरकारकडं जादा निधी मागितला होता. प्रस्ताव टाईप केला नियाजनं, पंचायतीतला ऑपरेटर तोच.

त्यात एक पान ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचं होतं. सरपंच वाल्मिकभाऊंनी ते वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"हे पान काढ बाबा. निम्मं गाव सहा महिने कारखान्यावर असतंय म्हनल्यावर दवाखाना कुनासाठी देतील? गेल्या साली पल्याडच्या गावाला काय शेरा आला? बरीच घरं बंद आढळली. खल्लास!"

नियाजनं पान काढलं. आणि आता घरं उघडायची होती.

तोडीला जाताना सगळे किल्ल्या झुंबरबाईकडं ठेवून जातात. म्हातारी कमरेला जुडगा लावून पुढं, नियाज गोणी घेऊन मागं. कुलूप काढायचं, गोणीत टाकायचं. दोरीवर लुगडं वाळत टाकायचं. उंबऱ्यापाशी चपला ठेवायच्या. चपला नियाजच्या अब्बांच्या भंगाराच्या दुकानातल्या.

"आरं, ह्या दोन्ही डाव्याच हायेत की," झुंबरबाई म्हणाली.

"राहू दे आजी. मॅडम काय चपला घालून बघनार हायेत का?"

"तुझं लगीन असतं तरी एवढा पळाला नसतास तू."

ते घर भागवतचं होतं. भागवत म्हणजे नियाजचा पहिलीपासूनचा दोस्त. बायको सुरेखाला घेऊन तो कोपरगावकडं तोडीला गेला होता. नियाजनं त्याला फोन लावला.

"तुझं कुलूप काढतोय रे."

"काढ की. चोरायला हाय काय आत? उंदराला पन उपास घडतोय."

"वहिनी कशी हाय?"

मागं कोयत्यांचा आवाज येत होता. भागवत फोन घेऊन बाजूला गेला. "सातवा लागलाय. मोळी उचलू नको म्हनलं तर ऐकत न्हाई. तू तेवढं दवाखान्याचं बघ, गड्या."

नियाजला मागची खेप आठवली. अब्बांचा टेम्पो त्यानंच चालवला होता. मागं गोधडीवर सुरेखा. पाथर्डी यायच्या आधीच तिचं ओरडणं थांबलं होतं. बाळ राहिलं नाही.

जीप अकराला पाच मिनिटं असतानाच आली. मॅडम पन्नाशीच्या, पायात बूट, हातात वही. चहा नको म्हणाल्या आणि सरळ वस्तीत शिरल्या.

मॅडम प्रत्येक दारापाशी थांबत, कोयंडा बघत आणि वहीत काहीतरी लिहीत.

"आजी, या घरातली माणसं?"

"रानात गेल्यात बाई. दिस मावळायला येत्याल."

"आणि त्या?"

"ती बी रानातच."

"गावातून कारखान्यावर कोणीच जात नाही?"

"छे छे," वाल्मिकभाऊ घाईनं म्हणाले. "आता समद्यांना हितंच काम हाय. गाव वाढलंय ना मॅडम."

हाच प्रश्न मॅडमनी पुढच्या गल्लीत पुन्हा विचारला. पकडायला बघतायत, नियाजला वाटलं. भागवतच्या उंबऱ्याशी आल्यावर त्यानं एका डाव्या चपलेवर पाय ठेवला.

"बाळंतपणाला कुठे नेता?" मॅडमनी त्यालाच विचारलं.

ह्याचं उत्तर खरं होतं. त्यानं टेम्पोचं सांगितलं, गोधडीचं सांगितलं. मॅडमचं पेन थांबलं.

"आता कुठे आहे ती बाई?"

वाल्मिकभाऊ त्याच्याकडं टक लावून बघत होते.

"माहेरी," तो म्हणाला.

मॅडमनी मान हलवली आणि वही मिटली.

ग्रामपंचायतीत त्यांनी चहा घेतला. नियाज आपल्या टेबलाशी उभा होता. टेबलाखाली गोणी होती.

"चांगलं आहे गाव," मॅडम म्हणाल्या. "या भागात इतकी भरलेली वस्ती मी पाहिली नव्हती. एकही दार बंद नाही."

वाल्मिकभाऊंची छाती फुगली. "मग मॅडम, आमचा दवाखाना?"

"या वर्षी नाही बसणार."

"आं? का बरं?"

"यंदाचा जादा निधी ऊसतोडीच्या गावांना आहे. दवाखाना, बाळंतपणाची खोली, मागे राहणाऱ्या मुलांसाठी वसतिगृह. निम्मी घरं बंद असली पाहिजेत. तुमच्या प्रस्तावात त्याचं पानच नव्हतं. मला वाटलं, जोडायचं राहून गेलं असेल, म्हणून स्वतः आले." त्या उठल्या. "येणार ते कळवतो, पण काय बघायला येतो ते आधी सांगत नाही आम्ही. सांगितलं की लोक मुद्दाम कुलपं लावतात. मी कुलपं मोजायला आले होते."

मॅडम बाहेर पडल्या. वाल्मिकभाऊ खुर्चीतच बसून राहिले. नियाजचा पाय गोणीला लागला आणि आत लोखंड खळखळलं.

फोन वाजला. भागवत.

"काय झालं रे? जमलं का?"

बाहेर जीप चालू झाली. नियाजनं वाकून गोणी खांद्यावर घेतली.

"भागवत," तो दाराकडं पळत म्हणाला, "ही जीप फाट्याला वळायच्या आत समदी कुलपं तिच्यापुढं ओततो. पहिलं तुझं. शब्द हाय माझा."