तपासणीत न येणारी पुडी

"या वयात मेंदूचा झटका उगाच येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कसली नशा वगैरे?"

"छे, कधीच नाही," तो पलंगावरून म्हणाला.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. "तुम्ही सांगा."

"अहो, विडीला शिवत नाहीत हे!" बायको ठसक्यात म्हणाली. "बांधकामावरची उंच क्रेन चालवतात. कंपनी अधूनमधून लघवी तपासते. कधी काही निघालं नाही. इथंही नाहीच निघालं ना?"

"नाही निघालं. पण गांजासारखा ओढायचा, रसायनं फवारलेला पाला मिळतो हल्ली. तो आमच्या नेहमीच्या तपासणीत दिसत नाही. असं काही असेल तर मला कळायला हवं."

"मला पाणी दे जरा," तो विषय बदलत म्हणाला.

बायकोने त्याची उशी सारखी केली.

त्याने भिंतीकडे नजर वळवली. उजवा हात चादरीवर दुसऱ्या कुणाचा असावा तसा पडला होता. गांजा त्याने केव्हाच सोडला होता, तपासणीच्या भीतीने. मग चकचकीत पुडी मिळाली. वर फुलाचं चित्र, खाली 'केवळ सुगंधासाठी'. मजा तीच, पकडले जाणं नाही, असं दुकानदार म्हणाला होता. क्रेनच्या केबिनमध्ये वर येऊन कोण बघतंय? काल तिथेच डोकं फुटेल असं दुखलं होतं. आज सकाळी हातातून कप निसटला.

बोललं तर परवाना जाणार. आणि क्रेनखेरीज त्याला दुसरं काही येत नव्हतं.

तेवढ्यात मेहुणा आला. सहा फुटांचा गडी, पण घरात सगळे त्याला टिल्लू म्हणत. क्रेनवर तो त्याच्याच हाताखाली शिकत होता.

"काय हो भावोजी, रजा हवी होती तर अर्ज करायचा! एवढं सोंग कशाला?"

"गप रे मेल्या!" बायको रडता रडता हसली आणि डॉक्टरीणबाईंच्या मागे व्हरांड्यात गेली.

टिल्लू कानाशी वाकला. "पुडीबद्दल मी कुणाला बोललो नाही. निर्धास्त राहा. दुपारी तुमच्या जागी मला चढवतायत, चढू ना? सामान सीटखालीच आहे ना?"

खाली माणसं काम करत असणार. आणि वर हा, दोन झुरके मारून.

"टिल्लू, हात लावू नकोस तिला," तो म्हणाला. "त्या पुडीनंच माझं हे केलंय. फेकून दे. आज वर चढूच नकोस."

टिल्लूने डोळा मारला. "वा! मन मोठं आहे तुमचं."

"थट्टा नाही रे! मरशील! खालच्यांनाही मारशील!"

"हो, हो. सावकाश. ताण घेऊ नका."

या पोराने कधी कुठली गोष्ट मनावर घेतली होती? त्याने डावा हात पलंगाच्या कठड्यावर आपटला. डॉक्टरीणबाई परत आत आल्या, मागोमाग बायको.

गेला परवाना तर गेला. त्याने डॉक्टरीणबाईंची बाही पकडली आणि सगळं सांगून टाकलं. पुडी, दुकान, केबिन, कालचं दुखणं. "उरलेली सीटखाली आहे, बाई. हा दुपारी तीच ओढणार आणि लोकांच्या डोक्यावरून लोखंड फिरवणार. याला थांबवा. मग माझं काय करायचं ते करा."

बोलून तो थकला. इतक्या दिवसांचं ओझं उतरलं होतं. बायको त्याच्याकडे टक लावून बघत होती, पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. डॉक्टरीणबाईंनी हळूच बाही सोडवून घेतली, त्याचा हात थोपटला आणि म्हणाल्या, "छान. असाच प्रयत्न चालू ठेवायचा."

टिल्लूचा फोन वाजला. साइटवरचा मुकादम होता.

"हो साहेब, निघालोच," टिल्लू दाराकडे वळत म्हणाला. "भावोजींना विचारलं की. सकाळपासून तोंडात एकच शब्द उरलाय बिचाऱ्यांच्या, पण नशीब बघा, तो नेमका 'चालेल' आहे."