हात बाहेर

समजा बाळांनो, तुम्ही चौथीत आहात. समोर पडदा आहे आणि पडद्याखालून अकरा हात बाहेर आलेत. नुसते हात, माणसं दिसत नाहीत. त्यातला एक हात तुमच्या पप्पांचा. कोणता ते सांगायचं, आणि अख्खा वर्ग बघतोय. ओळखाल ना?

मैत्रीला वाटत होतं, आपल्याला नाही ओळखता येणार.

चाकणजवळच्या तिच्या शाळेत सरकारी परिपत्रक आलं होतं. त्यात 'पिता सहभाग दिन' असं लिहिलं होतं, मुलं म्हणायची पप्पांचा शनिवार. वडिलांनी शाळेत यावं, मुलांबरोबर खेळावं, आणि कारखान्यांनी त्यासाठी सुट्टी द्यावी. दिपालीबाईंनी हाताचा खेळ ठरवला. उजवा हात पडद्याखालून बाहेर बाकावर ठेवायचा आणि मुलांनी तो ओळखायचा.

"मला लगेच येईल," वर्गातला समर्थ मैत्रीला म्हणाला. "तुला पप्पा आहेत का गं? कधी दिसले नाहीत."

"आहेत. झोपलेले असतात."

पोरं हसली. पण ते खरंच होतं. मैत्रीचे पप्पा, सिद्धेश, एका छोट्या कारखान्यात ठेकेदाराकडे पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवर होते. दुपारी तीनची शिफ्ट आणि वर ओव्हरटाइम. मैत्री शाळेतून यायची तेव्हा ते कामावर गेलेले असायचे, सकाळी निघायची तेव्हा झोपलेले.

पूर्वी गुरुवारी सुट्टी असायची. मग दोघं प्रेस-प्रेस खेळायचे. खऱ्या प्रेसला दोन बटणं असतात, पप्पांनी सांगितलं होतं. पत्रा आत ठेवायचा, हात बाहेर काढायचे आणि दोन्ही बटणं एकदम दाबायची. तेव्हाच प्रेस खाली येते.

"हात बाहेर?" मैत्री विचारायची.

"बाहेर!" पप्पा म्हणायचे, आणि चार तळवे एकदम फरशीवर पडायचे. थाप.

हल्ली गुरुवारही ओव्हरटाइममध्ये जात होते.

म्हणून मैत्री रोज सकाळी पप्पांच्या उशाशी बसायची आणि त्यांचा उजवा हात हातात घ्यायची.

"झोपू दे की त्यांना," आई म्हणायची. आईचं नाव कस्तुरा.

"पाठ करतीये."

"हात पाठ करतीस? आन् पाढे?"

अंगठ्याच्या बुडाशी एक पांढरी रेघ होती. करंगळीशेजारच्या बोटाचं नख काळं होतं. झोपेतसुद्धा तो हात गादीवर हळूच थाप मारायचा. पूर्वी दोन्ही हात मारायचे. आता उजवाच मारायचा, डावा पुढे सरकून उघडा पडलेला असायचा. मैत्रीनं तिकडं फार लक्ष दिलं नाही. बाईंनी उजवाच सांगितला होता.

एकदा अंथरुणातूनच पप्पा आईला सांगत होते, "सुपरवायझर म्हणतो, सुट्टीचं पत्र कंपनीला आलंय भावा, ठेकेदाराला न्हाई. शनिवार पाहिजे तर शनिवारचे नग आधी काढून दे."

"मग?"

"काढतोय. लवकर निघायची युक्ती सापडलीय, एका बटणात काम होतंय."

शुक्रवारी सकाळी अंथरूण रिकामं होतं.

"डबल पाळी लागली," आई म्हणाली. तिच्या पाठीमागे चहा उतू जात होता. तिला ते कळलंही नाही.

शनिवारीही अंथरूण रिकामंच. आईनं पप्पांचा धुतलेला शर्ट पिशवीत घातला.

"येतील ना गं?"

"तिकडनंच येतील शाळेत."

"नक्की?"

आईनं ओटा पुसायला घेतला. तो तिनं आत्ताच पुसला होता.

कार्यक्रम दुपारी तीनचा होता. मैत्रीला तीनचा भोंगा आठवत होता. याच वेळी पप्पा रोज कारखान्याच्या फाटकातून आत जायचे. दोन सकाळी हात बघायला मिळाला नव्हता. रेघ अंगठ्याला होती की मनगटाला? ती डोळे मिटून आठवायला लागली की हात पुसटच व्हायचा. आणि हात आठवला, पण तो आलाच नसला तर?

तिचं नाव पुकारलं गेलं.

पहिला हात मऊ होता. दुसऱ्यात अंगठी. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा, एकही पप्पांचा नाही. मागून समर्थ कुजबुजला, "झोपले असतील." मैत्री पुढं सरकली.

सातव्या हाताला अंगठ्याच्या बुडाशी रेघ होती. काळं नखही होतं. पण हात थंड होता, आणि रोजचा मशीनच्या तेलाचा वास येत नव्हता. दवाखान्यासारखा वास येत होता. पप्पांचा हात असा नव्हता.

तिनं वाकून पडद्याला तोंड लावलं. "हात बाहेर?"

हातानं बाकावर थाप मारली.

"हे माझे पप्पा!"

टाळ्या पडल्या. बाईंनी पडदा बाजूला केला. पप्पा धुतलेल्या शर्टात उभे होते. दाढी वाढलेली, डावा हात पाठीमागे, साहेबासारखा.

"सुट्टी मिळाली?" मैत्रीनं विचारलं.

"मिळाली. महिनाभर."

"महिनाभर? रोज घरी?"

"रोज."

मैत्रीनं समर्थकडं अशी नजर टाकली की त्यानं मान खाली घातली. बाई म्हणाल्या, "आता घरी खेळता तो खेळ दाखवा बरं आम्हाला." मैत्रीनं पप्पांना ओढून फरशीवर बसवलं, स्वतः समोर बसली आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं विचारलं,

"हात बाहेर?"

पप्पांनी उजवा हात फरशीवर टेकवला.

"म्हणा की पप्पा. हात बाहेर?"

"एकच निघाला गं," पप्पा हळूच म्हणाले, आणि त्यांनी पाठीमागचा डावा हात पुढे आणला. तो मनगटापर्यंत पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला होता, आणि जिथं बोटं सुरू व्हायला हवीत तिथंच संपला होता.

मैत्रीनं त्या पट्टीकडं पाहिलं, मग पप्पांकडं. मग तिनं आपला डावा हात पाठीमागे नेला, आणि एकट्या उजव्या हातानं फरशीवर थाप मारली.