फोटो उघडताना

"काकू, याची मेमरी मुळातच चिमूटभर. ती संपली की बिचारा हार्ड डिस्कवर कशीबशी वेळ मारून नेतो, म्हणून एवढा रखडतो," कॉम्प्युटर दुरुस्त करणारा म्हणाला. त्यानं नवी मेमरी बसवली आणि काकू रोज उघडतात तो त्यांच्या मुलाचा फोटो लावला. एरवी पट्टी पट्टीनं रेंगाळत उतरणारा फोटो डोळ्याचं पातं लवायच्या आत समोर हजर!

शाबासकीसाठी तो भाव खात वळला, तर काकूंचा चेहरा पार उतरलेला.

"काढून टाक रे बाबा ती मेमरी. माझा लेक गेला तेव्हापासून रोज इथं बसते. आधी केस यायचे, मग डोळे, मग हसू...

तेवढा वेळ तरी तो परत येतोय, असं वाटायचं."