जिलबीचा पाहुणचार

विमानतळावरून आलेली टॅक्सी फाटकाशी थांबली, तेव्हा नामदेवराव काचेच्या भांड्यासमोर उभे राहून माशाला त्याचं नाव शिकवत होते.

“जिलबी,” ते हळूच म्हणाले. माशाने पाठ फिरवली.

“अहो, मासा कधी हाकेला ओ देतो का?” सुशीलाबाई म्हणाल्या.

“पहिली द्यायची.”

“पहिलीसुद्धा नाही द्यायची. गेलेल्या जिवाचं उगाच कौतुक नका करू.”

वरच्या मजल्यावरचे सुधीर आणि अनुराधा आठ वर्षांच्या ऋचाला घेऊन अंदमानला गेले होते. समुद्रात बुड्या मारून मासे बघायला. घरातला मासा तेवढे दिवस खाली नामदेवरावांकडे ठेवला होता. सोबत खाण्याची डबी आणि ऋचाच्या हातची चिठ्ठी : रोज फक्त चार दाणे.

चार दाणे! सुशीलाबाईंच्या घरातून आजवर कोणी चार दाणे खाऊन गेलं नव्हतं. पहिल्या दिवशी नामदेवरावांनी दहा टाकले. दुसऱ्या दिवशी भाताची शितं. जिलबीने सगळं संपवलं तेव्हा दोघांना भरून आलं. लेकरू केव्हाचं उपाशी होतं कोण जाणे. चौथ्या दिवशी सत्यनारायण झाला. “प्रसादाला नाही म्हणू नये,” असं म्हणत नामदेवरावांनी स्वतःच्या हाताने तिला चिमूटभर शिरा दिला. जिलबी नाही म्हणाली नाही.

सकाळी ती उलटी तरंगत होती. तिला त्यांनी कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं. तेव्हापासून सुशीलाबाई कढीपत्ता बाजारातून आणत होत्या. मग फोनमधला फोटो घेऊन नामदेवराव दिलसुखनगरच्या दुकानात गेले. दुकानदाराने फोटोकडे न बघताच एक मासा पिशवीत सोडला. “फिकर नक्को चाचा,” तो म्हणाला, “सब एकीच दिखते.”

“मी सांगून टाकतो,” नामदेवराव आता म्हणाले. “आल्या आल्या. चहाच्या आधी.”

“हौ, सांगा. लेकरू हसतखेळत घरी येतंय, तुम्ही त्याला दारातच सुतक द्या.”

“मग चहानंतर.”

अनुराधा बॅगा घेऊन वर गेली. सुधीर ऋचाला घेऊन आत आला. त्याच्या नाकाची सालं निघाली होती.

“काका, काय सांगू तुम्हाला! दहा-बारा मीटर खाली गेलो. काय ती पोवळी, काय ते कासव! मासे अगदी तोंडापाशी येतात. पण हात लावायचा नाही. एकाने नुसतं बोट पुढे केलं, तर आमचा इन्स्ट्रक्टर वर आल्यावर असला भडकला! म्हणाला, तुम्ही इथे पाहुणे आहात, पाहुण्यासारखे राहा.”

“बरोबर आहे,” नामदेवराव म्हणाले. त्यांना चहा जरा जास्तच गरम लागला.

“आणि खायला तर अजिबात टाकायचं नाही. लोक ब्रेड टाकतात हो! नुसते प्रेमाने मारतात. अडाणी माणसं.”

सुशीलाबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या.

ऋचा दारापाशीच उभी होती. एरवी चपलांसकट भांड्याकडे धावणारी मुलगी आज भांड्याकडे पाठ करून कॅलेंडर बघत होती. तिने ओळखलं, नामदेवरावांना वाटलं. दारातूनच ओळखलं.

“काल रात्रीपासून अशीच गप्प आहे,” सुधीर म्हणाला. “दमली असेल.” तेवढ्यात वरून अनुराधाने किल्लीसाठी हाक मारली आणि तो गेला.

नामदेवराव कसेबसे ऋचाशेजारी उकिडवे बसले. घसा साफ केला.

“ऋचाबाई, एक सांगायचंय.”

“आधी मी सांगू, आजोबा?”

“सांग.”

“पण तिला ऐकू नाही गेलं पाहिजे.” ऋचा त्यांच्या कानाशी आली. “मी तिथे फिश खाल्ला. फ्राय केलेला. बाबा म्हणाला, एक बाइट घेऊन बघ. मग मी पूर्ण संपवला.” तिचे डोळे भरले. “टेस्टी होता.”

सकाळपासून घोकलेलं वाक्य कुठून सुरू होत होतं, ते नामदेवरावांना आठवेना.

“तिला कळलंय, आजोबा. बघा ना. मला ओळखच दाखवत नाहीये.”

“तिचा काही दोष नाही, बेटा,” नामदेवराव म्हणाले. तेवढं एक खरं त्यांच्या तोंडून निघालं.

ऋचा शेवटी भांड्यासमोर जाऊन उभी राहिली. दोन्ही हातांनी कान धरले. “सॉरी, जिलबी. परत कधीच नाही. प्रॉमिस.”

मासा तोंड उघडत होता, मिटत होता.

तिने डोळे पुसत शेजारी पाहिलं. नामदेवराव डोळे मिटून, गुडघे झेपतील तेवढे वाकून, दोन्ही कान धरून उभे होते.

“आजोबा,” ती म्हणाली, “तुम्ही कशाला? तुम्ही तर व्हेज आहात.”